पिकली की कच्ची

त्या वर्षी झाडांनाच काही कळेनासं झालं होतं.

एरवी हिवाळा सरताना हवाईतल्या कोना भागाच्या डोंगरउतारावर दोन-चार धड सरी पडायच्या आणि कॉफीची झाडं एकदम फुलून यायची. फांदीच्या पेरापेराला पांढरे झुबके, कुंदासारखा वास. फुलं तपकिरी होऊन गळाली की मागं टाचणीच्या डोक्याएवढी हिरवी फळं. सत्त्याऐंशी सालचा हिवाळा मात्र कोरडा गेला. पत्र्यावरचं पावसाचं पाणी ज्या टाकीत साठायचं, तिचा तळ दिसायला लागला. मार्चात भुरभुर पडली, तेवढ्यावर काही फुलं आली. एप्रिलात शिडकावा झाला, पुन्हा थोडी. मे महिन्यातही तेच. सप्टेंबर उजाडला तेव्हा एकाच झुबक्यात हिरवी कच्ची फळं, पिवळी पडत चाललेली, लालबुंद पिकलेली आणि वाळून काळी पडलेली अशी सगळी एकमेकांना चिकटून बसलेली होती.

"यांतली तोडायची कुठली आणि ठेवायची कुठली?" शरयू फांदी उचलून म्हणाली.

"लाल तेवढी तोडायची," गुरुदत्त म्हणाला. "सोपं आहे."

शरयू राजापूरकडची. आंब्याचा पाड ओळखायला ती चालायला लागल्यापासून शिकली होती. गुरुदत्त शिरोळचा, उसातला. पण शेत त्यानं सोडलं ते सोडलंच. न्यू जर्सीत पार्सिपनीला एका कंपनीत तो पंपांची डिझाइनं करायचा. कंपनी टेक्सासला निघाली, तेव्हा तो गेला नाही. त्याच सुमारास सुट्टीला म्हणून तिघं हवाईला आली होती. या मोठ्या बेटावर, समुद्राच्या वर डोंगरात, मिसेस हमादा नावाच्या जपानी म्हातारीची कॉफी त्यानं पाहिली. फेब्रुवारी होता आणि सगळा उतार पांढरा झाला होता. नवरा गेल्यापासून म्हातारीला झेपत नव्हतं. गुरुदत्तनं मळा वर्षाच्या करारावर घेतला. पार्सिपनीतल्या मित्रमंडळींनी वेड्यात काढलं. नीला तेव्हा बारा वर्षांची होती. तिनं विमानात आई-बापांशी एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलं आणि पाळलं.

पहिल्या वर्षी पीक एकदम पिकलं. फिलिपिनो तोडणीवाल्यांची टोळी आली, झाडं ओरबाडून गेली. गुरुदत्त खाली यंत्रावर होता. साली काढणं, बी रात्रभर आंबवणं, धुणं, मग सरकत्या पत्र्याखालच्या लाकडी माचावर वाळवणं. यंत्र त्याला कळायचं. यंदा टोळी आली नाही. तोडणीची मजुरी वजनावर, आणि झाडावर चार लाल फळांसाठी दहा हिरव्यांतून हात घालायचा, असल्या मळ्यात कोण येणार? एकटा मारियानो आला. सत्तरीचा, काटकुळा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला लांब बाह्यांचा शर्ट, डोक्यावर गवती टोपी. तो हमादांच्या वेळेपासून इथं तोडत होता. म्हणून यंदा गुरुदत्तही टोपली कमरेला बांधून रानात उतरला.

रान म्हणजे काळा, खडबडीत लाव्हा. दगडांच्या सापटीत माती आणि मातीत झाड. पाय ठेवला की दगड गडगडायचा. झाडं जुनी, माणसाच्या दुप्पट उंच. लाकडी आकडीनं शेंडा खाली ओढायचा, आकडीच्या दोरीवर पाय देऊन तो धरून ठेवायचा आणि दोन्ही हातांनी तोडायचं. बोटांना काळा चिकटा बसायचा, साबणानं निघायचा नाही. कमरेची टोपली भरली की पट्टा पोटात रुतायचा. शर्टात मुंग्या. शरयूची कंबर दुपारपर्यंत दगडासारखी व्हायची. मग ती अव्होकाडोच्या सावलीत उताणी पडून साळुंक्यांची भांडणं ऐकायची. इथंही साळुंक्याच होत्या, तिला बरं वाटायचं. जरा पलीकडं मारियानो डब्यातला भात आणि सुकी मासळी खायचा, डबा धुऊन पालथा घालायचा.

दुपारनंतर हवा मळायची. बेटाच्या पलीकडं ज्वालामुखी धुमसत होता, त्याचा धूर वळसा घालून या उतारावर येऊन बसायचा. समुद्र दिसेनासा व्हायचा. डोळे चुरचुरायचे.

गुरुदत्तचा हात भराभर चालायचा. त्याची टोपली सगळ्यांच्या आधी भरायची आणि ती पोत्यात ओतताना तो मुद्दाम शरयूकडं बघायचा. तिला हसू यायचं. पन्नाशीला आलेला माणूस, पण मळ्यात आल्यापासून त्याची मान सरळ झाली होती.

यंदा घरचं यंत्र चालवायला हात मोकळे नव्हते, म्हणून आठवड्याच्या शेवटी पोती तशीच, फळांनिशी, कॉफी विकत घेणाऱ्या मिलवर गेली. खालच्या रस्त्यावर ट्रकांची रांग होती. मिलच्या माणसानं एका पोत्याची शिवण उसवली, कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ फळीवर पसरली. मग दुसऱ्या पोत्यातली. मग तिसऱ्या.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

"कॉफी," गुरुदत्त म्हणाला.

"मला वाटलं वाटाणे आणलेत."

मागच्या ट्रकवाले हसले. एकानं खिडकीतून मान काढून बघितलं. मिलच्या माणसानं पोत्याचं तोंड आवळून ते ट्रकवर सरकवलं. "कच्ची काढून परत आणा. चव जाते सगळ्या मालाची. पुढचा कोण?"

रांगेतून ट्रक वळवायला जागा नव्हती. गुरुदत्तला मागंपुढं, मागंपुढं करावं लागलं. सगळे बघत होते. शरयू मांडीवर हात ठेवून समोर बघत बसली.

घरी पोती ताडपत्रीवर ओतली. शरयू आणि नीला निवडायला बसल्या. तासाभरात हिरव्या फळांचा ढीग लाल ढिगाच्या गुडघ्याला लागला. गुरुदत्त निवडायला बसला नाही. यंत्राचा पट्टा सैल झालाय म्हणून तो शेडमध्ये गेला आणि बराच वेळ तिथंच ठोकत राहिला. बाहेर येऊन म्हणाला, "म्हाताऱ्याचे डोळे गेलेत."

"मारियानोचे?"

"मग कुणाचे? तू कच्ची तोडणार नाहीस, मी तोडणार नाही."

शरयूला ते पटलं. सत्तरीच्या माणसाला मोतीबिंदू असतोच. तरी तिनं म्हटलं, "त्यांचं सगळं आयुष्य यात गेलंय हो."

"आयुष्य गेलं म्हणूनच डोळे गेले."

सकाळी मारियानो नेहमीसारखा वर आला. ओळ निम्मी झाल्यावर गुरुदत्त त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही, तो कधीच चढवायचा नाही.

"मारियानो, तुम्हाला नीट दिसतं का?"

मारियानोनं आकडी सोडली. फांदी वर उसळली. "दिसतं, सर."

"मिलनं माल परत पाठवला. पोत्यात हिरवी होती. पुष्कळ."

मारियानोनं आपल्या टोपलीत बघितलं. एक फळ उचलून डोळ्याजवळ नेलं, मग हात लांब करून बघितलं. शरयू पलीकडच्या झाडाशी होती. तिच्याकडं फळ धरून त्यानं विचारलं, "मिसेस, हे लाल आहे ना?"

ते लाल होतं. शरयू म्हणाली, "हो."

"वय झालं की होतं," गुरुदत्त म्हणाला. "यात तुमची चूक नाही. डॉक्टरला दाखवून घ्या."

मारियानोनं डोळ्यांवरून एकदा तळहात फिरवला. कमरेचा पट्टा सोडून टोपली फांदीला अडकवली, डबा घेतला आणि उतरायला लागला. या दगडांवरून तो बकरीसारखा उतरायचा. आज प्रत्येक पाऊल आधी चाचपून टाकत होता.

"ते लाल होतं," शरयू म्हणाली.

"एक लाल असेल. पोती कुणी भरली मग?"

शरयूनं फांदीला अडकवलेली टोपली उतरवून घेतली.

पुढच्या तोडणीला दोघंच होती, शनिवारी नीला. संध्याकाळी शरयूनं सहज एक पोतं माचावर पसरलं आणि ती उभीच राहिली. हिरवी होती. पहिल्याइतकीच. तिनं मूठभर उचलून बघितलं, खाली ठेवलं, बाहीनं डोळे पुसले आणि पुन्हा बघितलं. मीच तोडली की काय ही? दिवसभर वाकून, चुरचुरत्या डोळ्यांनी? दुसऱ्या दिवशी ती एकेक फळ वळवून, निरखून तोडायला लागली. टोपली भरेना. गुरुदत्त म्हणाला, "आज काय झालंय तुला?" ती म्हणाली, "काही नाही." संध्याकाळी पुन्हा हिरवी.

किराणा आणायला ती खाली गेली, तेव्हा गल्ल्यावर मारियानोची मुलगी लूर्देस होती. एरवी भरभरून बोलणारी. आज तिनं हिशेब करून पिशवी पुढं सरकवली.

"बाबा कसे आहेत?" शरयूनं विचारलं.

"घरीच आहेत. बाहेर पडत नाहीत." लूर्देसनं गल्ला बंद केला. "कुणी बोलावलं तरी जात नाहीत. म्हणतात, माझे डोळे गेले, लोकांचा माल खराब होईल. माझ्या पोरांना विचारत बसतात, तो ट्रक कुठल्या रंगाचा, ही बादली कुठल्या रंगाची. मुलं सांगतात बरोबर, तरी म्हणतात, तुम्ही माझं मन राखताय. हिलो शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरची तारीख मिळालीय, पण त्याला अजून वेळ आहे."

शरयू पिशवी घेऊन ट्रकमध्ये बसली. किल्ली लावली, पण ट्रक सुरू केला नाही. मारियानो गेल्यावरही पोत्यात हिरवी येत होती, हे तिला ठाऊक होतं. लूर्देसला ते सांगितलं असतं, तर पुढं काय सांगायचं होतं?

शनिवारी तिनं आपलं पोतं वेगळं बांधलं. त्यात एकही हिरवं नव्हतं. मग गुरुदत्तच्या ओळीत, त्याच्या मागून चालत गेली. तो पुढच्या झाडाशी होता. त्यानं तोडून सोडलेलं झाड तिनं बघितलं. नाकासमोरच्या फांदीवर पिकलेल्या लाल फळांचे झुबके तसेच होते. ते लपलेले नव्हते. त्याच फांदीवरचे मधले काही झुबके ओरबाडून नेलेले होते, देठाची साल सोलली जाईपर्यंत. कच्चं फळ ओढून काढावं लागतं, तशी.

"अहो," ती म्हणाली, "हे राहिलं."

"कुठलं?" तो दगडांवरून परत आला.

"हे."

तो फांदीसमोर उभा राहिला. तिनं बोट लावलं नव्हतं. त्याची नजर फांदीभर फिरली, परत आली.

"कुठलं म्हणतेस?"

तिनं झुबक्यातली फळं तोडली, लाल आणि हिरवी, आणि दगडावर मांडली. "हात लावू नका. यांतलं पिकलेलं कुठलं ते सांगा."

"काय खेळ लावलायस?"

"सांगा ना."

नीला वरच्या ओळीतून खाली आली होती. गुरुदत्त वाकला. "हे," तो म्हणाला.

"बाबा, दॅट्स ग्रीन," नीला म्हणाली.

"मस्करी नको करू."

"आय ॲम नॉट."

त्यानं शरयूकडं बघितलं. ती मान हलवू शकली नाही, पण त्याला कळलं. त्यानं ते फळ उचलून अंगठ्यानं दाबलं. टणक होतं. दुसरं उचललं. मऊ, दाबताच सालीतून बी सटकून बोटावर आलं, पांढरं, बुळबुळीत.

"धूर आहे हवेत," तो म्हणाला. "सगळंच मळकट दिसतंय." मग थोड्या वेळानं, "पण मला लाल दिसतं, शरयू. मला लाल माहीत आहे. आयुष्यभर बघत आलोय मी लाल."

नीलानं त्याच्या टोपलीत डोकावून बघितलं आणि मान वळवली. त्यानं टोपली सोडली, हातात धरली, ती कुठं ठेवायची हे न समजल्यासारखा उभा राहिला आणि शेवटी ती मांडीवर घेऊन दगडावरच बसला.

संध्याकाळी जेवताना त्यानं सांगितलं. कॉलेजात जाताना मेडिकल झाली होती. रंगीत ठिपक्यांचं पुस्तक, त्यात आकडे वाचायचे. डॉक्टर म्हणाले होते, थोडं कमी आहे, रेल्वेत जाऊ नका म्हणजे झालं. "मी म्हटलं, रेल्वेत कोण जातंय? पंपाला कुठला आलाय रंग? सिग्नलला वरचा दिवा की खालचा एवढं बघायचं. थोडं कमी म्हणजे मला वाटलं, चष्म्यासारखं काहीतरी."

"मग कॉफीचा मळा घेताना?"

"फुलं पांढरी होती," तो म्हणाला.

शरयूला राग आला होता, पण तो कुणावर काढायचा हे ठरत नव्हतं. हा खोटं बोलला नव्हता. हे मळ्यात नडेल, हे याला ठाऊकच नव्हतं. आणि मारियानोला ज्या शांतपणे यानं डॉक्टरकडं जायला सांगितलं होतं, तो शांतपणा आठवला की तिचे कान तापायचे. ती स्वतःही तिथं उभी होती. तिला आठवलं, मरून रंगाची साडी सांगितली की हा हमखास दुसरंच काही आणायचा, आणि ती म्हणायची, तुमचं लक्षच नसतं. कपाळाला लावते ते कुंकू याला कसं दिसत असेल? हे विचारावंसं वाटलं, पण तिनं ताटं उचलली.

नीला शाळेचं बायॉलॉजीचं पुस्तक घेऊन आली. त्यातलं एक पान उघडून टेबलावर ठेवलं. "इट कम्स फ्रॉम द मदर. म्हणजे आजीकडून आलं. अँड आय हॅव इट टू."

"तुला दिसतं ना सगळं?" गुरुदत्त म्हणाला. "मग झालं तर."

"दॅट्स नॉट हाऊ इट वर्क्स, बाबा. मला नाही होणार. माझ्या मुलाला होऊ शकतं."

तिच्या मुलाचा विषय या घरात पहिल्यांदाच निघाला होता. तिघंही त्या पानावरच्या चौकटींकडं बघत बसली. गुरुदत्तनं ते पान दोनदा वाचलं. मग म्हणाला, "आईला सांगायला हवं होतं कुणीतरी," आणि त्याची आई जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी तो रानात आला नाही. माच झाडला, टाकी घासली, यंत्राला तेल दिलं, जे आधीच दिलेलं होतं. शरयू एकटी तोडत राहिली. दुपारी ती पाणी प्यायला खाली आली, तेव्हा तो अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर बसला होता. पार्सिपनीतल्या ऑफिसचा शर्ट.

"त्याच्या घरी जायला हवं," तो म्हणाला. "तू येतेस?"

लूर्देसचं घर रस्त्याच्या कडेला होतं. मारियानो पडवीत खुर्चीवर बसलेला, टोपी गुडघ्यावर. त्याचे केस शरयूनं पहिल्यांदाच पाहिले, अगदी पांढरे. लूर्देस दारात येऊन उभी राहिली. 'या' म्हणाली नाही.

"मारियानो," गुरुदत्तनं वाटेत जुळवलेलं वाक्य म्हटलं, "डोळे माझे खराब आहेत. तुमचे चांगले आहेत."

मारियानोला समजलं नाही. "तुमचे?"

"मला लाल-हिरवं ओळखता येत नाही. ती कच्ची मी तोडली होती."

मारियानोनं त्याच्याकडं बघितलं, मग शरयूकडं, मग मुलीकडं. लूर्देस हातांची घडी घालून म्हणाली, "तोडायला माणूस मिळत नसेल तुम्हाला."

"मी बोलवायला आलो नाही."

"असा कुठं माणूस असतो?" मारियानो हळूच म्हणाला. "लाल न दिसणारा? कॉफीच्या मळ्यात?" तो चिडलेला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. "तुम्ही चांगले आहात, सर. म्हाताऱ्याचं मन राखताय."

गुरुदत्तनं खिशातून कॉफीची फळं काढली. घरून निघताना तो रानात जाऊन आला होता, ते यासाठी, हे शरयूच्या आता लक्षात आलं. त्यानं ती पडवीच्या कठड्यावर ओतली आणि दोन पावलं मागं सरला. "विचारा मला."

लूर्देसची मुलं अंगणातून धावत आली. थोरल्या मुलीनं एका फळावर बोट ठेवलं. "हे?"

"लाल," गुरुदत्त म्हणाला.

मुलं हसली. "हे?"

"हे... हिरवं."

मुलं आणखी हसली. त्यांना वाटलं, हा माणूस मजा करतोय. एकानं आपला शर्ट ओढून विचारलं, हा कुठला? दुसऱ्यानं जिन्याकडं बोट दाखवलं. गुरुदत्त प्रत्येकाला उत्तर देत होता. त्याच्या मानेवर घाम आला होता, इस्त्रीची कॉलर ओली झाली होती. काही बरोबर आली, बरीच चुकली. बरोबर आलेली कुठली, हेही त्याला मुलांच्या हसण्यावरूनच कळत होतं. शरयूला वाटलं, आता पुरे म्हणावं. पण तिनं म्हटलं नाही.

मारियानो हसला नाही. तो खुर्चीवरून उठून कठड्याशी आला होता. फळांवर वाकून तो स्वतःशीच म्हणत होता, "रेड. ग्रीन. ग्रीन. रेड." प्रत्येक शब्दानंतर थोरल्या नातीकडं बघत होता आणि ती मान हलवत होती. सगळी फळं संपल्यावर त्यानं ती पुन्हा पहिल्यापासून ओळखली, या वेळी नातीकडं न बघता. मग टोपी डोक्यावर ठेवली.

"तुम्ही डॉक्टरकडं जा, सर," तो म्हणाला.

त्यात टोमणा होता की काळजी, हे दोघांनाही परतीच्या वाटेवर ठरवता आलं नाही.

मारियानो परत आला नाही. सोमवारपासून तो खालच्या मळ्यात तोडायला जायला लागला. येता-जाता ट्रक दिसला की तो टोपीला हात लावायचा. गुरुदत्तही हात वर करायचा.

राहिलेलं पीक शरयूनं तोडलं, शनिवार-रविवार नीलानं. गुरुदत्त आकडी धरायचा, फांदी वाकवून द्यायचा, पोती वाहायचा. एवढा उंच माणूस बायकोच्या झाडाखाली फांदी धरून उभा, हे रस्त्यावरून दिसायचं. सुरुवातीला ट्रकचा आवाज आला की तो फांदी सोडून द्यायचा. मग हळूहळू सोडेनासा झाला. मिलनं माल घेतला, पण किती झाडांपर्यंत हात पोचणार? वरच्या पट्टीतली फळं झाडावरच काळी होऊन गळायला लागली.

डिसेंबरात मिसेस हमादा आल्या. काठी टेकत, एकेका झाडापाशी थांबत त्या वरपर्यंत गेल्या. ही झाडं त्यांच्या नवऱ्यानं लावलेली. खाली आल्यावर त्यांनी शरयूनं दिलेला चहा पूर्ण प्यायला, कप बशीत पालथा घातला आणि बोलल्या.

"वरची पट्टी माझा पुतण्या घेईल. कॉफी काढून मॅकाडेमिया नटची झाडं लावणार आहे. खालची तुम्ही ठेवा."

"यंदा फुलच तुकड्यातुकड्यानं आलं," गुरुदत्त म्हणाला. "पुढच्या वर्षी एकदम फुललं तर?"

"फुललं तर," म्हातारी म्हणाली. तिला त्याच्या डोळ्यांचं कुणी सांगितलं होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता. छोट्या वस्तीत सगळं कळतंच. "तुम्हा दोघांना खालची पुरे आहे."

तेवढंच झालं. अर्धा मळा राहिला, अर्धा गेला. हे बरं झालं की वाईट, यावर दोघं बरेच दिवस बोलली. एकदा तो म्हणायचा परत जाऊ, तेव्हा ती म्हणायची राहू. दुसऱ्या दिवशी ती परत जाऊ म्हणायची, तर तो राहू. नीलाला विचारलं, तर ती म्हणाली, "आय डोंट नो. आता मला इथले फ्रेंड्स आहेत."

नव्या वर्षात बुलडोझर येणार होता. त्याच्या आदल्या आठवड्यात दोघं वरच्या पट्टीत गेली. उरलंसुरलं तोडून घेऊ, म्हणाली. दुपारपासून धूर होता. गुरुदत्तनंही टोपली बांधली होती. गेल्या काही आठवड्यांत तो तोडायला लागला होता, पण बोटांत फळ धरून आधी विचारायचा. दाबून कळायचं त्यालाही, पण त्याचा विश्वास बसायचा नाही.

"हे?"

"नाही."

"हे?"

"हो. त्याच्या मागचं पण."

"हे?"

"काळं आहे ते. टाकून द्या."

असं करत ओळ संपत आली. शेवटचं झाड मोठं होतं, कुंपणाच्या दगडांशी. समुद्राच्या बाजूचा उजेड विझत चालला होता आणि धुरामुळं तो विझतोय हेही नीट दिसत नव्हतं. त्यानं आकडीनं शेंडा ओढला, दोरीवर पाय ठेवला.

"हे?" तो म्हणाला.

शरयूनं बघितलं. जवळ जाऊन बघितलं. पानं, देठ, फळं, सगळं एकाच रंगाचं झालं होतं. लाल तर कुठंच नव्हतं. जिथं असायला हवं होतं, तिथं पानांसारखाच काळपट गोळा.

"कळत नाही," ती म्हणाली.

"कळत नाही म्हणजे?"

"सगळी सारखीच दिसतायत हो."

त्यानं फांदी ताणून धरलेली, एक पाय दोरीवर. मग म्हणाला, "हां. असंच."

ती तशीच उभी राहिली. डोळे बारीक करून तिनं पुन्हा बघितलं, डोकं एका बाजूला कलवून बघितलं. फांदी तीच होती. वाऱ्यानं पानं हलली, तेव्हा फळंही हलली, आणि कुठलं काय ते आणखीच कळेनासं झालं. तिला वाटलं, याला आता काहीतरी म्हणावं. मारियानोबद्दल, साड्यांबद्दल.

तिनं हात पुढं केला आणि अंगठ्यानं एक फळ दाबलं. टणक होतं. शेजारचं दाबलं, ते दबलं. ते तोडून तिनं त्याच्या टोपलीत टाकलं. त्यानंही दुसरा हात फांदीत घातला.

मग दोघांनी ते झाड तसंच संपवलं. कुणी कुणाला विचारलं नाही.